डिस्चार्ज मिळाला, चार्ज कोणाकडे?

इस्पितळातून घरी जाण्याची परवानगी सकाळच्या राउंडला मिळते आणि पेशंट प्रत्यक्ष घरी पोहोचतो तो दिवेलागणीला. मधला सगळा वेळ बिल तयार होण्यात, विमा कंपनीच्या मंजुरीची वाट पाहण्यात, उरलेली औषधे परत करण्यात आणि चाकाची खुर्ची मिळवण्यात जातो. या धावपळीच्या अगदी शेवटी एक सिस्टर लगबगीने येते आणि फाइल हातात ठेवून सांगते, ‘‘ही गोळी अर्धी, ही उपाशीपोटी, ही फक्त रात्री. सात दिवसांनी दाखवायला आणा.’’ फाइलच्या शेवटच्या पानावर तीन-चार ओळी असतात. विश्रांती, हलका आहार, नियमित फिजिओथेरपी, पाठीची काळजी. लिफ्टचे दार बंद होते आणि घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे!

मी तीसेक वर्षे बँकेत काढली. शाखाधिकाऱ्याची बदली झाली की नव्या माणसाकडे चार्ज देणे हा तिथे मोठा सोहळाच असायचा. रोकड मोजायची, किल्ल्या द्यायच्या, शिक्के, कोरे ड्राफ्ट, तारणाचे दागिने, थकलेली कर्जे या सगळ्याची यादी करून दोघांनी सह्या करायच्या. न मोजता कुणी किल्लीला हात लावत नसे. आणि इथे? इस्पितळात ज्या माणसाकडे तीन पाळ्यांत सिस्टर, वॉर्डबॉय, मावश्या, आहारतज्ज्ञ आणि दोन डॉक्टर पाहत होते, तो जिवंत माणूस एका बहात्तर वर्षांच्या बाईच्या ताब्यात दिला जातो. यादी नाही, मोजणी नाही. सही मात्र घेतात, ती बिलावर.

बहात्तर वर्षांची बाई म्हणजे आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या पत्नी. आम्ही सगळे त्यांच्या यजमानांना मास्तर म्हणतो. गेल्या वर्षी मास्तरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणे गेले. इस्पितळात वेळेवर पोहोचले, जीव वाचला. मुलगा अमेरिकेत, तो तीन आठवड्यांची रजा काढून आला आणि गेला. मुलगी नाशिकला नोकरीत. बाराव्या दिवशी मास्तर घरी आले तेव्हा घरात कोण होते, तर वहिनी, त्यांचे दुखरे गुडघे आणि औषधांच्या दोन पिशव्या.

पहिल्या रात्रीचा हिशेब सांगतो. जो माणूस स्वतः कुशीवर वळू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, नाहीतर कमरेखाली, टाचांना, खांद्यांना शय्याव्रण होतात. म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. त्यातल्या निदान चार वेळा ऐन झोपेच्या. सत्तर किलोचा देह आणि वळवणारी पन्नास किलोची. त्याखेरीज लघवीची पिशवी, डायपर, औषधांच्या पाच वेळा, तीन वेळचे भरवणे, स्पंजिंग, व्यायाम. आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा! त्यांना कोण नको म्हणणार?

अशा वेळी वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात की, पूर्वी एकत्र कुटुंबे होती, त्यामुळे हे प्रश्नच नव्हते. मला हे अर्धेच पटते. पूर्वीही ‘घर’ नावाचे कुणी पेशंटचे करत नव्हते. एक ठरावीक बाई करत होती. बहुधा मधली सून किंवा माहेरी परत आलेली आत्या. तिला रजा नव्हती आणि तिच्या पाठदुखीला नाव नव्हते. दुसरे म्हणजे, पूर्वी माणूस इस्पितळातच जास्त दिवस राहत असे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेला माणूस डोळ्यांना पट्टी बांधून आठवडाभर पडून असे, तो आता त्याच दिवशी चहाला घरी असतो. पित्ताशय काढलेल्याच्या पोटावर वीतभर टाके असत. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून ते काढून दाखवले आणि देशात त्या शस्त्रक्रियेचे पर्व सुरू झाले. चांगलेच झाले. पण इस्पितळातली खाट लवकर रिकामी होते याचा अर्थ बरे होण्याचे उरलेले दिवस कुठेतरी दुसरीकडे काढायचे असतात. ते ‘दुसरीकडे’ म्हणजे आपला दोन खोल्यांचा फ्लॅट.

घरी होणाऱ्या शुश्रूषेचाही काही शास्त्र म्हणून विचार व्हावा, ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी १८५९ साली वारली. तिची अखेरची सेवा मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने केली होती. आपल्या घरात पैसा असून एवढी गरज पडली, तर गरिबांच्या घरी काय होत असेल, असे त्याच्या मनात आले आणि त्याने त्याच बाईंना पगार देऊन शहरातल्या गरीब आजाऱ्यांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. घरोघर जाणाऱ्या परिचारिकेची व्यवस्था तिथे पुढे उभी राहिली, तिचा हा आरंभ. आपल्याकडे पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले आणि विधवा व गरजू मुलींना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. पांढरपेशा घरातली मुलगी परक्याच्या अंगाला हात लावणार म्हणून तेव्हा केवढा गहजब झाला! तो गहजब अजून पुरता निवालेला नाही. आजही आजाऱ्याचे सर्व काही करणाऱ्या बाईचा चहाचा कप कित्येक घरांत खिडकीत वेगळा ठेवलेला असतो.

जाता जाता एक. शुश्रूषा या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ मागाहून आला. ज्या माणसाची वाचा गेली आहे त्याच्या उशाशी बसल्यावर हा मूळ अर्थ चांगलाच समजतो.

तर वहिनींना बाई हवी होती. शहरात ती मिळते ब्युरोमार्फत. ब्युरो म्हणजे पुष्कळदा एक गाळा, दोन फोन आणि एक जाड वही. बारा तासांची की चोवीस तासांची, एवढेच विचारले जाते. चोवीस तासांची बाई घरातच राहते, तिला जेवण आणि झोपायला जागा द्यावी लागते. ती चोवीस तास जागी राहू शकत नाही, हे मात्र ब्युरोही सांगत नाही आणि आपणही लक्षात घेत नाही. अनामत रक्कम आधी. बाईच्या पगारातून ब्युरोचा वाटा. बाई पसंत पडून तिला परस्पर ठेवून घेतलीत, तर वेगळा भुर्दंड. पहिली बाई तीन दिवसांत गेली, दुसरी आलीच नाही, तिसरी टिकली. हा अनुभव इतक्या घरांतून ऐकला आहे की मला तो आता नियमच वाटतो.

खरी गोम अशी की, ब्युरो ‘नर्स’ हा शब्द फार सैल वापरतो. परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली ती नर्स. इंजेक्शन, सलाइन, नाकातली नळी, लघवीची नळी बदलणे ही तिची कामे. अलीकडे काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ मिळतात, त्यांच्याकडे प्रमाणपत्र असते. आणि तिसरी म्हणजे अनुभवावर शिकलेली मावशी, जिच्याकडे कागद नसतो पण पुष्कळदा हात चांगला असतो. तिघींचे मोल वेगळे, काम वेगळे. आपण पैसे पहिलीचे मोजतो आणि घरी तिसरी येते. वर तिलाच इन्सुलिन टोचायला सांगतो. कागद पाहायला मागण्यात संकोच कसला? बँकेत आम्ही सख्ख्या मेव्हण्यालाही कागद मागत असू.

हात चांगला असणे म्हणजे काय, हे मास्तरांकडच्या दुसऱ्या आठवड्यात कळले. ब्युरोकडून आलेल्या पहिल्या बाईने त्यांना उठवायला त्यांचा लुळा हात धरून ओढले. शेजारच्या मुलीने, ती फिजिओथेरपी शिकते, पाहिले आणि ओरडलीच. पक्षाघातात खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, असे ओढले तर सांधा निसटतो आणि दुखणे महिनोन्‌महिने पुरते. उठवायचे ते धडाला आधार देऊन. तसेच भरवण्याचे. गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाला आडवे ठेवून पेज पाजली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि न्यूमोनिया होतो. ताठ बसवायचे, लहान घास द्यायचा, तो गिळल्याची खात्री करायची आणि जेवण झाल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचे. पातळ पाण्यापेक्षा थोडे दाट केलेले पेय गिळायला सोपे जाते, पण ते डॉक्टरांना विचारून. या गोष्टी शिकायला अर्धा दिवस पुरतो. इस्पितळातल्या त्या बारा दिवसांत वहिनी सारा वेळ तिथे बाकावर बसून होत्या. त्यातला अर्धा दिवस कुणी त्यांना खाटेजवळ उभे करून शिकवले असते तर?

फिजिओथेरपिस्टच्या बाबतीत काटकसर करू नये असे माझे मत आहे. पक्षाघातानंतरची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते, हे न्यूरॉलॉजिस्ट पुन्हा पुन्हा सांगतात. लोक मात्र दहा दिवस बोलावतात आणि ‘व्यायाम आता पाठ झाले’ म्हणून बंद करतात. तेवढेच पैसे मग बलवर्धक पावडरच्या डब्यांवर जातात.

सामानाचे तुलनेने सोपे आहे. वरखाली होणारी खाट, हवेची गादी, कमोडची खुर्ची, वॉकर हे सारे विकत घ्यायची गरज नसते. भाड्याने मिळते, आणि गावोगावी सेवाभावी संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, मंडळे अनामत ठेवून नाममात्र आकारात रुग्णोपयोगी वस्तू देतात. विकत घेतलेले सामान काम संपल्यावर माळ्यावर जाते. आमच्या इमारतीत चौकशी केली तेव्हा तीन वॉकर, दोन कमोडच्या खुर्च्या आणि एक हवेची गादी निघाली. गादीचा पंप बिघडलेला होता, एवढेच. खाट मागवण्याआधी दाराची रुंदी मात्र मोजावी. मास्तरांची चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी येऊन अडली आणि शेवटी ते दार बिजागरीतून काढून तिथे पडदा लावला.

आता माझ्या जुन्या धंद्याची गोष्ट, कारण या घरात खरी अडचण तिथेच झाली. मास्तरांचे पेन्शन त्यांच्या एकट्याच्या खात्यात जमा होत होते. ठेवींचे व्याजही तिथेच. वहिनींचे नाव ‘नॉमिनी’ म्हणून होते आणि त्यांची समजूत अशी की, नॉमिनी म्हणजे आपल्याला पैसे काढता येतील. नॉमिनीला खातेदार हयात असताना कसलाही अधिकार नसतो. त्याचे काम खातेदाराच्या पश्चात सुरू होते. मास्तरांचा उजवा हात गेलेला, सही होईना. म्हणजे घरात पैसा असून हातात पैसा नाही. बाईचा पगार पहिला महिना शेजाऱ्यांनी दिला.

यावर वाट आहे आणि ती रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच आहे, पण काउंटरवरच्या तरुण मुलांना ती ठाऊक नसते, म्हणून सविस्तर लिहितो. आजारी किंवा अपंग खातेदाराला सही करता येत नसेल, तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याची ओळख बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी पटवायची, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असला पाहिजे. अंगठाही देता येत नसेल आणि बँकेत येणेही शक्य नसेल, तर चेकवर किंवा पैसे काढण्याच्या फॉर्मवर एखादी खूण केलेली चालते, साक्षीदारांची अट तीच. पैसे कुणाच्या हाती द्यायचे हेही खातेदार सांगू शकतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढच्या ज्येष्ठांना आणि आजारामुळे बाहेर न पडू शकणाऱ्यांना घरपोच सेवा द्या, असेही बँकांना बजावले. पैसे पोहोचवणे, हयातीचा दाखला घेणे हे त्यात येते. मास्तरांच्या बँकेत पहिल्या खेपेला ‘पेशंटला घेऊन या’ असेच उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला मी सोबत गेलो आणि सूचना समोर ठेवल्या. अधिकारी भला माणूस होता, त्याच संध्याकाळी घरी आला.

पण याहून सोपे काय, तर हातपाय धड असतानाच नवरा-बायकोने खाते दोघांच्या नावावर करावे आणि ‘दोघांपैकी कुणीही’ चालवू शकेल, अशी नोंद करून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. ते न करण्याची जी कारणे लोक सांगतात ती ऐकून मला अनेकदा कादंबरीला विषय मिळाले आहेत.

विम्याचे थोडक्यात. बहुतेक पॉलिसींत इस्पितळातून आल्यानंतरचाही ठरावीक काळ धरलेला असतो. २०२० साली सर्व कंपन्यांना सक्तीच्या केलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत तो साठ दिवसांचा आहे. त्या काळातली औषधे, तपासण्या, डॉक्टरांची फी यांची बिले जपून ठेवून पाठवावीत. पुष्कळ लोक ती पाठवतच नाहीत. आयुष्मान योजनेत हा काळ पंधरा दिवसांचा आहे. सांभाळणाऱ्या बाईचा पगार मात्र सहसा यात कुठेच बसत नाही. म्हणजे घरी जो खर्च सर्वांत मोठा आणि सर्वांत लांबणारा, तोच नेमका विम्याच्या बाहेर.

हे सगळे एकेकट्या घराने का निस्तरावे, हा प्रश्न केरळने आपल्याआधी विचारला. कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली वेदनाशमनाचे काम सुरू झाले. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत गावातल्याच स्वयंसेवकांना थोडे प्रशिक्षण देऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पाठवण्याची पद्धत रुजली. २००८ साली राज्य सरकारने त्याचे धोरणच केले. तिथे पंचायतीच्या खर्चाने परिचारिका घरोघर जाते, जखम धुते, नळी बदलते आणि घरच्या बाईला कसे वळवायचे ते दाखवते. आपल्याकडे पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र कॅन्सरच्या रुग्णांसाठी विनामूल्य काम करते आणि घरच्यांनाही शिकवते. असे जे आहे ते मोलाचे आहे. पण ते बहुतांशी एका आजारापुरते आहे. मास्तरांसारख्या पक्षाघाताच्या, मांडीचे हाड मोडलेल्या आजींच्या वाट्याला ब्युरोच्या जाड वहीखेरीज काही नाही.

आणि या वहीवर नजर ठेवणारेही कुणी नाही. २०१९ च्या डिसेंबरात ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे एक विधेयक लोकसभेत मांडले गेले. त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांनी नोंदणी केली पाहिजे आणि किमान दर्जा पाळला पाहिजे, अशी तरतूद होती. त्या लोकसभेची मुदत संपली तरी त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे बाई दागिने घेऊन गेली तर घरच्यांनी कुणाकडे जायचे आणि घरच्यांनी पगार बुडवला तर बाईने कुणाकडे, या दोन्ही प्रश्नांना आज तरी पोलीस चौकी हे एकच उत्तर आहे.

मास्तरांकडे टिकलेली ती तिसरी बाई पंचेचाळिशीची आहे. दोन बस बदलून येते. सकाळी आठ ते रात्री आठ. आजोबांना हसत हसत रागावते आणि ते तिचे ऐकतात. एकदा बोलता बोलता कळले की, तिचे स्वतःचे गर्भाशयाचे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झाले होते. मी विचारले, ‘‘तुम्ही घरी आल्यावर तुमचं कुणी केलं?’’

‘‘धाकटी होती ना, काका. नववीत होती. महिनाभर शाळेत गेली नाही.’’

‘‘ब्युरोनं काही दिलं?’’

‘‘ड्युटी नाही तर पगार नाही. मीच तिसऱ्या आठवड्याला परत आले. वजन उचलायचं नाही असं डॉक्टर बोलले होते, पण पेशंट काय हलका-भारी बघून मिळतो का?’’

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याच दिवशी तिला रविवारची भरपगारी सुट्टी ठरवून दिली. मुलाने अमेरिकेतून फोनवर विचारले, ‘‘मग रविवारी कोण?’’ बँकेत कुणी रजेवर गेला की त्याच्या जागी ‘रिलीव्हर’ येत असे, तशी चार नावे आम्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावली. वळवायला दुसऱ्या मजल्यावरचा जिममध्ये जाणारा मुलगा, दुपारी भरवायला समोरच्या काकू, संध्याकाळच्या व्यायामाला ती फिजिओथेरपीवाली. त्या दिवशी वहिनी दुपारी दार लावून तीन तास झोपतात. झटका आल्यापासून सलग तीन तासांची झोप त्यांना या रविवारांनीच दिली, असे त्या सांगतात.

सकाळची पाळी माझी असते. मी पेपर वाचतो आणि एकेका मथळ्यावर थांबतो, मास्तरांनी तो शब्द म्हणायचा. स्पीच थेरपिस्टने सांगितलेला व्यायाम आहे. जोडाक्षरे अडतात. माझा ऱ्हस्व-दीर्घ चुकला की मात्र डावा हात वर होतो.